आक्कांचं दार

राधाआक्कांची आणि माझी पहिली ओळख दुधावरून झाली. चाकणजवळच्या आमच्या गावात मी नवा मास्तर. समोरच्या घरातून आक्कांनी न मागता तांब्याभर दूध पाठवलं. मी ते बोटावर घेऊन पाहिलं. पाणी नव्हतं. मग तर संशय वाढलाच. फुकट आणि वर निर्भेळ, म्हणजे बाईंना काहीतरी हवं असणार. पुढे गावच्या दूधसंस्थेत आम्ही वर्षानुवर्षं शेजारी बसून काम केलं, तरी ते 'काहीतरी' मला सापडलं नाही. आता आक्का पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. गावाबाहेरच्या वस्तीने बौद्ध धर्म स्वीकारला, मेलेली जनावरं ओढायचं सोडलं आणि गावाने त्यांचं पाणी तोडलं. वस्तीतल्या मारुतीने भर दुपारी गावविहिरीत घागर सोडली. कुऱ्हाडी घेऊन माणसं मागे लागली, तेव्हा तो आक्कांच्या घरात शिरला. आक्कांनी त्याला थेट बाळंतिणीच्या खोलीत ढकललं. तिथे त्यांची सून आणि नुकताच जन्मलेला नातू होता.

आक्का उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. मी समोरून पाहत होतो.

"आक्का, बाजूला व्हा. आमी त्याला शिरताना बघितलाय."

"व्हय, आत हाय. माझी बाळंतीण सूनबी हाय. या, शिवा तिला. मग उद्या भैरोबाच्या पालखीला खांदा कसा देताय, ते बघते."

बाळंतिणीला शिवलेल्या माणसाला पालखीला हात लावता येत नसे. विहीर बाटली म्हणून खून करायला निघालेली माणसं स्वतः बाटायला घाबरली आणि परत फिरली. संध्याकाळी आक्कांच्या यजमानांनी मारुतीला कांद्याच्या पोत्यांआड बसवून चाकणला पोचवलं. नातवाच्या बारशाला गावातलं कुणी आलं नाही. मी गेलो, पण यात आक्कांचा काय डाव आहे ते बघायला.

जमिनीचा व्यवहार असेल, म्हटलं. निवडणूक असेल. आक्कांनी जमीन घेतली नाही, निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत. शेवटी परवा सरळ विचारलं, "आक्का, नातवाचा जीव धोक्यात घातलात, तो कशासाठी?"

चहा ओतता ओतता त्या म्हणाल्या, "मास्तर, दार माझं व्हतं. तुमच्या दारात शिरला आसता, तर मी धावून आले आसते का, कुणाला ठावं."

तेव्हापासून माझा संशय माझ्याच दारावर आहे. त्या दुपारी तेही उघडं होतं. मारुतीने आधी त्याच्याकडे पाहिलं होतं आणि मग तो आक्कांकडे वळला होता.

आक्कांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. जीव वाचवायला धावणारं कुणी माझ्या दाराकडे वळेपर्यंत तरी त्यांनी त्या उंबऱ्यावर असायला हवं.