तेहेतीसाव्या पानावरचा चंद्र

गंगाराम तोडणकरांना सहसा कशाची किळस येत नसे. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या धक्क्यावर उन्हात सडलेली कोलंबी असो की बर्फाच्या पेट्यांखाली साचलेलं काळं पाणी असो, ते चपला हातात घेऊन त्यातून आरामात चालत जायचे. एकतीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेल्या माणसाचं नाक एवढ्यातेवढ्याने वाकडं होत नाही. पण त्या शुक्रवारी सकाळी, नव्याकोऱ्या पुस्तकाच्या तेहेतीसाव्या पानावर, त्यांना अशी किळस आली की उठून मोरीत जाऊन थुंकावं लागलं.

"काय झालं?" यमुनाबाईंनी आतून विचारलं. "चहात काय पडलं?"

"चहा बरा आहे. चंद्र नासलाय."

नवऱ्याच्या अशा उत्तरांची यमुनाबाईंना सवय होती. त्यांनी गॅस बारीक केला आणि बाहेर येऊन बसल्या.

गंगाराम मूळचे नाटे गावचे. वडील होडीवर, आजोबा होडीवर. हे मात्र दहावी करून जहाजावर ऑइलर म्हणून, इंजिनाला तेलपाणी करायला लागले. १९८८ साली हॉलंडच्या एका बंदरात शिडीवरून पडून त्यांची मांडी मोडली. जहाज त्यांना इस्पितळात ठेवून पुढे गेलं. पाच महिने ते त्या खाटेवर होते. भाषा येत नाही, भात मिळत नाही, आणि खिडकीतून दिसायची ती एक विटांची भिंत.

दर मंगळवारी तिथे एक साठीची बाई यायची आणि रुग्णांना वाचून दाखवायची. आल्त्ये मोलनार तिचं नाव. ती कवयित्री आहे हे गंगारामना कळायला दोन महिने लागले, कारण तिच्या हातांना कोलंबीचा वास यायचा. तिच्या गावात बायका घरोघरी कोलंबी सोलायच्या, तीही चौदाव्या वर्षापासून सोलत होती. सोलता सोलता मनात ओळी जुळवायची. ओळ विसरू नये म्हणून टेबलावर टरफलं मांडायची, एका ओळीला एक. त्यामुळे तिची कविता कधी आठ-दहा ओळींच्या पुढे गेली नाही. टेबलावर तेवढीच जागा उरायची. आयुष्यात तीन लहानशी पुस्तकं निघाली. एका वर्तमानपत्राने लिहिलं की या कवितांना मासळीचा वास मारतो. ते कात्रण तिने स्वयंपाकघरात, तव्याच्या वर चिकटवून ठेवलं होतं.

त्या वासामुळेच गंगाराम तिच्याशी बोलायला लागले. आधी हातांनी खुणा करून: जाळं, चिखल, भरती, ओहोटी. मग वाक्यं. मांडीचं हाड सांधेपर्यंत त्यांना तिच्या कविता कळू लागल्या. त्यातली एक, जी पुढे मराठीत तेहेतीसावी आली, तिने सर्वांत शेवटी वाचली, तीही पुस्तक मिटून.

तिच्या थोरल्या भावाची होडी गावासमोरच्या वाळूच्या दांड्यावर आदळून उलटली होती. हिवाळ्याची संध्याकाळ. तो होडीच्या पाठीवर चढून कंदील हलवत होता आणि गाव काठावरून बघत होतं. सोडवायला जायची मोठी होडी चिखलात होती. अर्धा चंद्र म्हणजे भांगाचे दिवस, भरती ती काय, बोटभर. त्यात वारा जमिनीकडून. बारा माणसांनी होडीला खांदे लावले, होडी हलली नाही. काही वेळाने कंदील हलायचा थांबला. यावर कविता लिहायला आल्त्येला तीस वर्षं लागली. नाटे गावच्या माणसाला हे समजावून सांगावं लागलं नाही. अष्टमीला भांग आणि पुनवेला उधाण, हे त्याला बाराखडीच्या आधी कळतं.

घरी आल्यावर गंगारामनी इंजिनरूमच्या एका कोऱ्या लॉगबुकात एक्केचाळीस कविता मराठीत आणल्या, पुढच्या तीस वर्षांत, दोन सफरींच्या मधल्या सुट्ट्यांत. शब्द अडला की धक्क्यावर जाऊन बसायचे. तेहेतीसावी त्यांनी अशी केली होती:

अष्टमीचा चंद्र, अर्ध्या भाकरीएवढा.
पाणी आलं ते एवढंच आलं.
बारा खांदे, एक होडी,
आणि मधे हातभर चिखल.
तुझा दिवा मला दिसत होता, भावा.
आईने दार लावू दिलं नाही.

आल्त्ये बाई वारली. पुस्तक छापायची परवानगी तिच्या भाचीने पत्राने दिली आणि मोबदला म्हणून फक्त दोन प्रती मागितल्या, गावातल्या कोळ्यांच्या छोट्या संग्रहालयात काचेखाली ठेवायला. ज्यांच्या घरातले ते बारा जण होते, ती घरं अजून त्याच गावात होती.

आणि आता, पानाला एक कविता अशा छापील पुस्तकात, तेहेतीसावं पान असं होतं:

पौर्णिमेचा शीतल चंद्र, रुपेरी लाटांचे नर्तन.
बारा खांदे, एक नौका,
आणि मधे अंतर अथांग.

चिखल गेला होता. आईचं दारही गेलं होतं. गंगारामनी पुन्हा वाचलं आणि त्यांना आठवलं ते जहाजावरचं एक जेवण, ज्यात बुरशी आलेल्या भातावर खानसाम्याने गुलाबपाणी शिंपडलं होतं. बुरशी त्यांनी पचवली असती. गुलाबपाणी सहन झालं नव्हतं.

पुस्तक घेऊन ते तडक धक्क्यावर गेले. तिथे जनी मासे काटत बसली होती, सौंदाळे. चाळीस वर्षं मासळी विकणारी बाई. गंगारामचे अडलेले शब्द बहुतेक तिनेच सोडवलेले. त्यांनी आधी त्या भावाची हकिगत सांगितली, पण चंद्र आणि चिखल मुद्दाम गाळले, आणि मग छापलेलं पान वाचून दाखवलं.

जनीने सुरी थांबवली. "पुनव व्हती?"

"इथे तसं छापलंय."

"मग पानी व्हतं की ढीगभर. उधाणाचं पानी, आनि बारा बापये काठावर उभं राहून बगत व्हते?" तिने खवले झटकले. "मेले नामर्द. आनि ती भैन पन काय, वर चांदन्याचं कौतुक करते? त्या कागदात मासे पन बांधू नकोस, दादा."

गंगारामनी पुस्तक मिटलं. ते बारा जण त्यांनी कधी पाहिले नव्हते. पण त्यांना मिरकरवाड्याच्या धक्क्यावर आणून नामर्द ठरवायचं काम या पुस्तकाने पहिल्याच दिवशी केलं होतं.

तिथून ते हर्षद सरांकडे गेले. सर म्हणजे हे पुस्तक काढणाऱ्या, शहरातल्या कवितामंडळाचे संपादक. जन्म रत्नागिरीचाच, पण घर समुद्रापासून दूर, वरच्या कातळसड्यावर. समुद्र त्यांनी फोटो काढण्यापुरता पाहिला होता. त्यांनी गंगारामना खुर्ची दिली, वर पंखा लावला.

"आप्पा, अष्टमी म्हटलं की उपासाची आठवण होते. पौर्णिमा म्हटलं की चित्र उभं राहतं." बदल आपणच केला हे सरांनी लपवलं नाही.

"चित्र उभं राहतं, सर. पण होडीसुद्धा उभी राहते ना, पाण्यावर. मग ती माणसं गेली का नाहीत?"

"कवितेत एवढं कोण बघतो?"

"जनीने बघितलं."

"कोण जनी? समीक्षक?"

"सौंदाळे विकते."

सर हसले. वाईट हसले नाहीत, प्रेमानेच हसले, आणि गंगारामना तेच जास्त ओंगळ वाटलं. मग सरांनी कपाटातून फाइल काढली आणि प्रुफाचा शेवटचा कागद पुढे सरकवला. "आणि आप्पा, हे तुम्हीच पास केलंय. ही सही तुमचीच ना?"

सही त्यांचीच होती. कोपऱ्यात, ठसठशीत.

गंगारामना तो दिवस आठवला. प्रुफं आली तेव्हा वर मलपृष्ठाचा कागद होता. त्यावर त्यांचा फोटो, खाली 'दर्यावर्दी अनुवादक' अशी अक्षरं. ते दहा मिनिटं फोटोच बघत बसले. आपले कान फार मोठे दिसतात का, असं यमुनाबाईंना दोनदा विचारलं. मग पन्नासेक पानांच्या गठ्ठ्यावर सही करून दिली. एकतीस वर्षांत त्यांनी इंजिनच्या मापकाचा काटा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लॉगबुकात एकदाही सही केली नव्हती. वादळात नाही, तापात नाही. आणि ही घरात पंख्याखाली बसून केली होती, स्वतःच्या कानांकडे बघत.

"दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करू," सर म्हणाले.

दुसरी आवृत्ती निघणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

रविवारी प्रकाशन झालं. वाचनालयाचा हॉल, ऐंशीएक माणसं, शाल, नारळ. गंगाराम माइकपाशी गेले आणि म्हणाले, "तेहेतीसावी कविता खोटी छापली आहे. त्या दिवशी पौर्णिमा नव्हती, अष्टमी होती. पाणी नव्हतं म्हणून माणसं गेली नाहीत. कवयित्रीने बरोबर लिहिलं होतं. प्रुफावर सही माझी आहे, मी न वाचता केली."

मग प्रमुख पाहुणे उठले, त्यांनी गंगारामचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "केवढी ही विनम्रता." टाळ्यांचा पाऊस पडला. पाहुण्यांनी आपल्या भाषणात तेहेतीसावी कविता वाचली. छापलेली. रुपेरी लाटांपाशी दोनदा थांबले.

घरी येऊन गंगारामनी शाल यमुनाबाईंकडे दिली. "ही मला दिसू देऊ नकोस."

"चांगली ऊबदार आहे."

"म्हणूनच."

मग दोन प्रती काढून ते टेबलाशी बसले.

"तिकडे कुणाला मराठी येतं?" यमुनाबाई म्हणाल्या. "द्या पाठवून. काचेखालीच तर ठेवणार."

हा विचार त्यांच्याही मनात येऊन गेला होता, शुक्रवारपासून तीन-चार वेळा. दर वेळी तोंडाला तीच चव आली होती. भाचीला कधीच कळणार नव्हतं. काचेखाली ते पुस्तक शंभर वर्षं पडून राहिलं असतं, आणि शंभर वर्षं त्यात, तिथल्या कोणालाही न वाचता येणाऱ्या अक्षरांत, तिच्या गावाला नामर्द म्हटलेलं असतं.

त्यांनी मासळी काटायच्या सुरीने दोन्ही प्रतींतलं ते मागून कोरं असलेलं पान कापलं. तिथे लॉगबुकातली कविता स्वच्छ अक्षरात लिहून चिकटवली. कापलेली पानं फेकावीशी वाटत होती, पण त्यातलं एक घडी करून पाकिटात घातलं. सोबत डच भाषेत पत्र लिहिलं, शब्दकोश न उघडता, चुकलं तर चुकलं. या पानावर मी तुमच्या माणसांची बदनामी छापू दिली. मी वाचलं नाही. बाकीच्या दोनशे अठ्ठ्याण्णव प्रतींत ती तशीच आहे. पुस्तक काचेखाली ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

सोमवारी पोस्टातल्या खिडकीवर योगिनी नावाची क्लार्क होती. तिने पाकीट वजनाला ठेवलं. "आत काय आहे, काका?"

"पुस्तकं. आणि एक नासलेलं पान."

तिने वर बघितलं. "नासलेलं कशाला पाठवता मग?"

"ज्यांच्या घरचं आहे त्यांना कळायला हवं ना, बाय."

तिने फॉर्मवर नुसतं 'पुस्तके' लिहिलं आणि कागद खिडकीतून बाहेर सरकवला. "इथे सही करा."

गंगारामनी खिशातून चष्मा काढला आणि फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. मागची रांग कुरकुरू लागली. ते वाचत राहिले.