भिंतीचा गळा

सहांपैकी तीनच उशांना अभ्रे चढवून झाले होते, तेवढ्यात वन्सं, म्हणजे माझी नणंद, दारातूनच म्हणाल्या, "वहिनी, ठेवा ते. माझ्याबरोबर वळणापर्यंत चला." गळ्यात टेप होतीच. टेपशिवाय मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.

गेली पंधरा वर्षं त्या आमच्या मागच्या खोलीत संध्याकाळी शिवणवर्ग घेतात. तोच त्यांचा जीव. पण अकरा मुलींच्या तिघीच उरल्या होत्या. गल्लीच्या वळणावर छापखानेवाल्या काकांच्या अंगणाची भिंत, डोक्याहून उंच. पलीकडून कोण येतंय ते अंगावर येईपर्यंत कळत नाही. वर्ग सुटला की मुली एकमेकींचे हात धरून तिथून पळत सुटायच्या. उरलेल्या तिघींच्या आयांनीही शनिवारपर्यंतच पाठवू म्हणून सांगितलं होतं. मी रोज देवाला साकडं घालत होते.

वळणावर मोठा दिवा हवा, हा हट्ट वन्संचाच. दिवा लागला, भीती मात्र जागची हलली नाही. त्या दिवशी तिथे उभं राहून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"चुकलंच माझं! उजेड सगळा आपल्या तोंडावर आणि भिंतीमागे काळोख. आपणच तेवढे दिसतो."

त्यांनी भिंतीला टेप लावली नि काकांना हाक मारली. "काका, हिचा गळा फार बंद आहे. छातीपर्यंत उतरवू या."

"अगं, भिंत आहे ती, झंपर नव्हे! आणि आत माझे पायजमे वाळत असतात."

"असू देत की."

"गुडघ्यांवर ठिगळं आहेत त्यांच्या!"

"दोन नवे शिवून देते. मग तर झालं?"

काकांना हसता हसता ठसका लागला.

शुक्रवारी गवंडी येऊन गेला. काल, शनिवारी, मुली वळणाच्या अलीकडूनच पलीकडचं बघत, खिदळत आल्या. उजेड थेट अंगणात पडला होता. झाडांना पाणी घालणारे काका "या गं, या" म्हणत होते. तिघींच्या मागून जुन्या चौघी आल्या. वन्सं दारातच डोळे पुसत हसत राहिल्या. मी मनोमन हात जोडले. माझ्या तीन उशा अजून उघड्याच आहेत.

वन्सं आत्ताच बाहेर पडल्या. काकांच्या पायजम्यांसाठी पाच मीटर सुती कापड आणायला.