न ठोकलेली पायरी

ट्रकच्या पायऱ्या, बंपर, आरशांचे दांडे, शिड्या. जे जे गंजायचं ते रंगवून घ्यायला त्याच्याकडे यायचं. लोक त्याला गंजोबाच म्हणत. इतक्या वर्षांत त्याने एक नेम कधी मोडला नव्हता. तारेच्या ब्रशने घासायचं, पॉलिशपेपर मारायचा आणि प्रायमर लावण्याआधी छोट्या हातोडीने बोटाबोटाच्या अंतरावर ठोकून ऐकायचं. खणखणीत वाजलं तर गंज वरवरचा. भद्द वाजलं तर लोखंड आतून खाल्लेलं. ते सरळ भंगारात.

दाजींच्या ट्रकच्या दोन्ही पायऱ्या मात्र त्याने ठोकल्याच नाहीत. थोरल्या बहिणीचा नवरा, त्यात डोक्यावर उभा. "अरे आटप की! दागिना घडवतोयस का?" त्याने घासलं, लाल प्रायमर फासला, वरून काळा रंग ओढला. पायऱ्या कोऱ्या दिसायला लागल्या.

नवव्या दिवशी चालकाच्या बाजूची पायरी दाजींच्या पायाखाली तुटली. घोट्याचं हाड मोडलं.

तो भेटायला गेला तेव्हा दाजी पलंगावर प्लास्टर घातलेला पाय उशीवर ठेवून हसत होते. "सगळा दोष तुझ्या ताईचा. खाऊ घालून घालून हत्ती केला माझा. लोखंड बिचारं काय करणार?"

"हो, मारा माझ्याच माथी," ताई म्हणाली आणि भावापुढे चहा ठेवला. त्याने तो तसाच ठेवला.

"उद्यापासून पुतण्या गाडी नेतोय," दाजी म्हणाले. "तुटलेली तेवढी नवी बसव. दुसरीला काय धाड भरलीय, तूच तर रंगवलीस."

तो अंगणात उभ्या ट्रककडे गेला. दुसऱ्या पायरीवर त्याने खिशातली हातोडी मारली. भद्द. पुन्हा मारली, तर हातोडीचं तोंड आरपार गेलं.

आजूबाजूला कुणी नव्हतं. दोन्ही गुपचूप बदलल्या असत्या तर कुणाला पत्ता लागला नसता. बराच वेळ तो चाकाला टेकून बसला. मग बोल्ट खोलून त्याने ती पायरी आत नेली, पलंगावर ठेवली आणि दाजींच्या हातात हातोडी दिली.

"वाजवा."

दाजींनी वाजवली. रंगाचे पापुद्रे चादरीवर पडले.

"तुटलेली पण अशीच वाजली असती," तो म्हणाला. "मी ठोकलीच नव्हती."

ताईने गार झालेला चहा उचलला आणि आत गेली. दाजी भोकाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"आणि मी स्वतःला हत्ती म्हणत बसलो," ते म्हणाले. या वेळी हसले नाहीत.