निळ्या पट्टीच्या बशा

आमच्या विद्यापीठातले मासे बोटाच्या पेराएवढे, अंगभर पट्ट्या असलेले. त्यांना सांभाळणाऱ्या बाईला सगळे मासेमावशी म्हणतात. तिचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलंय. एकोणीस वर्षं ती सकाळी सातला येते, नर-मादीमधली काच उचलते आणि तासाभराने तळाशी पडलेली अंडी गाळणीने काढून बशांत घालते. अंड्यातून जीव कसा घडत जातो ते त्या बशांत बघायचं, ही आमची नोकरी. मी सूक्ष्मदर्शकावर बसते. लोक म्हणतात मी फटकळ आहे. असेन.

मावशीचा एकच कायदा होता. निळी पट्टी म्हणजे नुसतं पाणी, लाल म्हणजे औषध. लाल बशीला हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही. एका पाहुण्या प्राध्यापकाला तिने यावरून असं झापलं होतं, की तो बिचारा औषधापेक्षा मावशीलाच जास्त घाबरायला लागला.

मग गणित विभागातले सर आमच्यात सामील झाले. कुठली पेशी कुठे वळेल हे त्यांना समीकरणं मांडून आधीच सांगायचं होतं. त्यांच्या सगळ्या आलेखांत औषधाची रेघ निळी. "बशांवरही निळीच पट्टी लावू औषधाला, म्हणजे गोंधळ नको," ते बैठकीत म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही. मावशीला बैठकीला कुणी बोलावत नाही. पट्ट्या मी बदलल्या, पण तिला सांगायचं कामही माझ्याकडेच होतं, आणि ते माझ्या डोक्यातून साफ निघून गेलं.

त्याच आठवड्यात मावशीची लेक तिचा घरी राहिलेला चष्मा द्यायला आली. लेकीला दिवस गेलेले, दुसरा महिना. मावशीचं मनगट मुरगळलं होतं आणि बेसिनमध्ये निळ्या बशांचा ढीग पडला होता. त्यातली पिल्लं मी सकाळीच दुसऱ्या पाण्यात काढली होती. हातमोजे घालून. लेकीने बाह्या सरसावल्या.

"आई, हातमोजे कुठेत?"

"कशाला? निळ्या आहेत त्या. नुसतं पाणी."

मी चार पावलांवर होते. ऐकलं, आणि तरीही माझी ट्यूब पेटली नाही.

दुपारी ती पिल्लं भिंगाखाली घेतली. एकेकाच्या तोंडावर मधोमध एकच डोळा. अंड्यातल्या जिवाची घडण बिघडवायची, हेच त्या औषधाचं काम. मावशी माझ्या मागे येऊन डोकावली. असले जीव तिने शेकड्याने पाहिले होते.

"लाल बशीतली ना ही?" तिने सहज विचारलं.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मी सगळं सांगून टाकलं. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती बेसिनपाशी गेली आणि धुतलेल्या बशा एकेक करून मोजू लागली.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी समजावलं, ओळखीच्या डॉक्टरांनाही विचारलं. औषध थेंबभर, तेही हातावर, लगेच धुतलेलं. काही व्हायचं नाही. मावशीने मान हलवली आणि भीती तशीच घरी नेली. लेकीला कळू द्यायचं नाही, असं तिने माझ्याकडून वचन घेतलं. पुढचे तीन महिने ती भिंगाच्या खोलीत फिरकली नाही. लेकीची कंबर दुखली, जेवण गेलं नाही, की दुसऱ्या दिवशी मला दाराबाहेरच गाठायची. "हे त्यातलंच तर नसेल ना गं?" मला काय कळणार! मला माशांचं कळतं. पण तिच्यादेखत मी ठामपणे "नाही" म्हणायचे, आणि ती वळली की डॉक्टरांचं म्हणणं मनात पुन्हा घोकायचे. रिकामी निळी बशी दिसली तरी घोकायचे.

पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीला त्यांना मीच गाडीने नेलं. लेक पलंगावर, मी दाराशी, मावशी पडद्याकडे पाठ करून उभी. डॉक्टरीणबाई पडद्यावर मापं घेत होत्या. मधूनमधून यंत्राचं बटण तेवढं वाजत होतं.

"डोळे किती?" मावशीने भिंतीलाच विचारलं.

डॉक्टरीणबाई हसल्या. "दोन, आजी. सगळ्यांना असतात तेवढेच."

"सगळ्यांना नसतात," मावशी म्हणाली आणि पहिल्यांदा पडद्याकडे वळली.

लेक कोपरावर उठली. तिचा चेहरा उतरला होता. "आई, असं का विचारलंस? काय झालं होतं?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत तिने माझी चूक कुणाकडे बोलून दाखवली नव्हती, आणि आताही दाखवणार नव्हती.

"ते मी सांगते," मी म्हणाले, आणि लेकीजवळचं स्टूल ओढून बसले.