शेठना लागलेली हळद

आमच्या आत्याच्या महेशच्या हळदीत पहिली हळद महेशला लागली नाही. ती पडघ्याच्या एका चांगल्या नांदत्या-संसारी गोदाममालकाला लागली, आणि लावणारा मी होतो. (मी हातसुद्धा लावला नव्हता. पण हे ऐकून घ्यायला तेव्हा कुणी तयार नव्हतं.)

मला रिमोटच्या गाड्यांच्या शर्यतींचा नाद आहे. खेळण्यातल्या गाड्या नव्हेत! हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा उच्चारलंय, की तेवढ्या वेळा स्वतःचं नावही सांगितलं नसेल. आमच्या गाडीला खरी मोटर असते, खरे गिअर असतात, खरे शॉकअप असतात. "आपल्या स्कूटरपेक्षा बरे आहेत," असं माझी बायको वैशाली म्हणते. कौतुकानं नाही म्हणत.

एके काळी रविवारी आमच्या क्लबात गाडी मांडायला जागा मिळायची नाही. मग कुणाचं लग्न झालं, कुणाची शिफ्ट बदलली, कुणी मोबाइलमध्येच गाड्या पळवायला लागला. होता होता उरलो दोघं. एक मी, आणि दुसरे नारपोलीचे इक्बालभाई, जे आठवडाभर कापडाचे लूम दुरुस्त करतात आणि रविवारी माझी गाडी. दोघांच्या शर्यतीत एक फायदा असतो, हरलो तरी दुसरा नंबर नक्की! मी कित्येक वर्षं घरी तेच सांगत आलोय.

शर्यती व्हायच्या पडघ्याला, शेठच्या गोदामापुढच्या सिमेंटच्या आवारात. शेठ मूळचे आमच्या आत्याच्या गावचे, दिघाशीचे. म्हणून जागा फुकट. पण एका रविवारी ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"काय रे, दोन माणसांनी एवढं आवार अडवायचं? माझे टेम्पो रस्त्यावर उभे राहतात."

"शेठ, नवीन लोक येणारेत!"

"कवापासून ऐकतोय. पुढच्या रविवारी धा-बारा खेळणारे दाखव. न्हाय दिसले तर सोमवारपासनं टेम्पो लागतील हितं."

इक्बालभाईंचा चेहरा पडला. माझा तर आधीच पडलेला होता. त्या आवारातली प्रत्येक भेग मला पाठ होती, आणि तिथं टेम्पो उभे राहणार या विचारानं मला त्या रात्री जेवण गेलं नाही. (वैशाली म्हणते, दोनदा भात घेतला. पण मन लागलं नव्हतं.)

शेवटी तोडगा तिनंच काढला. "अहो, शनिवारी आत्यांकडे महेशची हळद आहे ना? अख्खी दिघाशी येईल. तिथं दाखवा तुमचा खेळ. कुणीतरी भुलेलच."

मी नुसता खेळ दाखवणारा माणूस नव्हे. मी बेत आखला. हळदीची वाटी गाडीवर ठेवायची, आणि मांडवाच्या दारापासून थेट नवऱ्याच्या पाटापर्यंत गाडीनं ती न्यायची. लोक तोंडात बोटं घालतील आणि दुसऱ्या दिवशी क्लबात रांग लागेल!

"भाई, नयी गाडी ले," इक्बालभाई म्हणाले. "रिमोट बंद झाला तर ती जागेवर थांबते. पुरानी का भरोसा नहीं. रिमोट बंद झाला की ती मनाला येईल तिकडं पळते."

"पण वाटी जुनीवरच बसते, इक्बालभाई. आणि रिमोट बंद करणार कोण? तो माझ्या हातात असेल!"

आता आत्याविषयी सांगायला हवं. आमची आत्या चालू राहिलेलं बटण बघू शकत नाही. तिच्या घरी आपण पंख्याखाली बसलेले असताना पंखा बंद होतो. एकदा तर काका दाढी करत असताना तिनं आरशावरचा दिवा घालवला होता. हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. माहीत असणं आणि वेळेवर आठवणं यांत मात्र बरंच अंतर असतं.

शनिवारी दिवेलागणीला मांडव भरला. पाटावर महेश पांढऱ्या बनियनमध्ये लाजत बसला होता. हळदीची गाणी म्हणणारी धवलारीण रंगात आली होती. पुढच्याच खुर्चीत शेठ, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सफारीत, आणि शेजारी शेठाणी. मी शेठकडे बघून अर्थपूर्ण हसलो. त्यांनी घड्याळ बघितलं.

गाडी चालू केली. रिमोट खुर्चीवर ठेवला (फक्त क्षणभर!), आणि वाटी गाडीवर नीट चिकटवायला खाली वाकलो.

मागून आवाज आला, "कुणाचं रं हे? बत्ती जळतेय नुसती!"

आणि टक्.

गाडी माझ्या हातातून सुटली ती बंदुकीच्या गोळीसारखी! नवऱ्याच्या दिशेनं गेली असती तरी निभावलं असतं. पण ती आधी आचाऱ्याकडे गेली, तिथल्या पातेल्याला धडकून वळली, स्पीकरला एक चक्कर मारली, आणि बायकांच्या घोळक्यात घुसली. बायका पदर सावरत खुर्च्यांवर चढल्या.

"थांबव रं तिला!"

"आत्या, रिमोट चालू कर!"

"बंद केलाय ना मी! बंद केल्यावर कशी चालते ती?"

"बंद केलास म्हणूनच चालते!"

"मला शिकवतोस व्हय?" आणि तिनं रिमोट कमरेला खोचला.

इक्बालभाई गाडीवर झेपावले आणि त्यांच्या हाती आला फक्त मागचा बंपर. महेश पाटावर उभा राहून "इकडं, इकडं!" असं गाडीला बोलावत होता. पण गाडीनं एकदाचं मन पक्कं केलं. ती सरळ शेठच्या बुटांवर आदळली, आणि वाटी उडाली. शेठ गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पिवळे झाले.

धवलारणीचं गाणं अर्ध्यावरच राहिलं. मला शेठ दिसत नव्हते. मला फक्त टेम्पो दिसत होते, ओळीनं उभे.

तेवढ्यात शेठाणी हसल्या. आधी पदराआड, मग उघड, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"आमच्या हळदीला हे तीन तास रुसून बसलेले," त्या म्हणाल्या, "आज कशे गुमान लावून घेतली! आत्याबाय, द्या बघू तो रिमोट. मला पण शिकवा."

"मला कुठं येतंय? पण थांब." आत्यानं कमरेचा रिमोट काढला आणि चालू केला. शेठच्या बुटांशी अजून घरघरणारी गाडी गपकन थांबली. आत्यानं रिमोटवरचं चाक फिरवलं, गाडी वळली. आत्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. पहिल्यांदा रिमोट हातात घेतला तेव्हा माझाही चेहरा असाच झाला होता.

मग काय! हळद राहिली बाजूला. शेठाणी, आचाऱ्याची बायको, धवलारीण, सगळ्यांनी आळीपाळीनं सांडलेल्या हळदीतून गाडी पळवली आणि पाळीपाळीनं महेशवर घातली. त्याला हळद लागली ती शेवटी चाकांनीच.

रविवारी पडघ्याला एक टेम्पो आला. मी गाड्या आवरायला घेतल्या. पण तो उभा राहायला आला नव्हता, त्यातून दिघाशीच्या बायका उतरल्या, पुढे आत्या. शेठनी मोजायचा प्रयत्न केला आणि मध्येच सोडून दिला, कारण शेठाणींनी त्यांना खुर्च्या आणायला पिटाळलं.

आता दर रविवारी आवार भरलेलं असतं. इक्बालभाई नव्या गाड्या जुळवता जुळवता थकून जातात. शेठनी जागा कायमची देऊन टाकली, फक्त एक अट घातली. मी गाडी चालवायची नाही.

मी ती पाळतो. एखादी गाडी उलटली की धावत जाऊन ती सरळ करायची, एवढं काम माझ्याकडे आहे. आवाराच्या टोकाकडून आत्या ओरडते, "अरे, माझी पालथी पडली, उचल!" मी पळत जातो. पण उचलण्याआधी मान वर करून तिच्या हातातल्या रिमोटची बत्ती जळतेय ना, तेवढं बघून घेतो.