पाद्रीसाहेबांची पत्नी

कपाट उघडलं, डांबरगोळ्यांचा वास आला आणि मला नेवाशाजवळचं ते लहानसं चर्च आठवलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्याच्याही शंभरेक वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून आपल्याकडे आलेल्या एका बाप्टिस्ट पाद्र्याच्या बायकोचं चरित्र लिहिण्यासाठी मी माहिती शोधत होते. वर्षभर कागद चाळून डोळे शिणले होते. सगळीकडे ती नुसती 'पाद्रीसाहेबांची पत्नी' होती. त्या दुपारी डांबरगोळ्या घातलेल्या पेटीतून काढलेल्या मृत्यूच्या नोंदवहीतही तेच.

मी वही मिटली. चर्च झाडणाऱ्या म्हाताऱ्या सारूबाईंनी विचारलं, "घावलं का?"

"नाही हो. साधं नावसुद्धा नाही."

"नाव मलाबी ठावं न्हाई. पन माझ्या आजीची आई बाळंतपनात अडली, तवा गावची सुईन शिवंना. ही बाई धावत आली, तिनं सोडवली. सोताची तीन लेकरं पुरली हुती तिनं. ती नसती तर आमी कुटले?"

मी थकून "बरं" म्हणाले आणि एसटी चुकू नये म्हणून उठले. लेखी पुरावा नाही, म्हणून पुस्तकात ते घातलंही नाही.

आता सारूबाई नाहीत. त्यांच्या आजीच्या आईचं नाव काय होतं, हे विचारायचं मलाही सुचलं नव्हतं.