लोडर तिच्यावरच का रुसला

सकाळी सहा चाळीसला काडीने किल्ली फिरवली आणि काहीच झालं नाही. घरघर नाही, साधी टकसुद्धा नाही. तिने मांडीवरचा लोखंडी दांडा वर केला, पुन्हा खाली ओढला, पुन्हा किल्ली फिरवली. लोडर ढिम्म.

खताच्या आवारातला हा छोटा डिझेल लोडर म्हणजे चार चाकांवर ठेवलेला पिंजरा. पुढच्या बकेटवर पाय ठेवून आत शिरायचं, गादीवर बसायचं, दांडा मांडीवर ओढायचा. मग तो जागच्या जागी गरगर वळतो आणि गावाचा ओला कचरा एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर नेतो. त्याला कधीकाळी पिवळा रंग होता, असं म्हणतात. काडी त्याच्यावर यायच्या आधी कचरा निवडायच्या पट्ट्यावर उभी राहून काचा वेचायची. ती आडवी उभी राहिली तर दिसत नाही, असं म्हणून तिथल्या बायकांनी तिला हे नाव दिलं. नाव तिच्यासोबत लोडरवर आलं. बायका पट्ट्यावरच राहिल्या.

आता तिलाही परत पट्ट्यावर जावं लागणार होतं. तिथली एक जागा रिकामी होती आणि मुकादमाने सोमवारी सांगून टाकलं होतं की शुक्रवारपर्यंत सकाळी तिच्या हाताने गाडी सुरू झाली नाही, तर किल्ली त्याच्या मेहुण्याकडे जाईल. आज शुक्रवार होता.

मेहुणा म्हणजे मुकादमाच्या बायकोचा धाकटा भाऊ. महिन्याभरापूर्वी तो आवारात आला, आणि काम सोडून सगळ्यात त्याचं लक्ष होतं. दुसऱ्याच्या डब्यात काय आहे, हे त्याला झाकण उघडायच्या आधी कळायचं. दोन माणसांचा घेर होता आणि अर्ध्या माणसाची उमेद. पण रोज सकाळी काडी किल्ली फिरवून दमली की तो धापा टाकत बकेटवर चढायचा, गादीवर धपकन बसायचा, आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू. मग तो तिच्याकडे असा बघायचा, जणू इंजिनाचा शोध त्याच्याच वडिलांनी लावला होता.

मिस्त्री तीन वेळा येऊन गेला होता. हा थंडीचा त्रास आहे, जुन्या डिझेलला सकाळी असं होतंच, हे त्याने गाडी बघायच्या आधीच ठरवलं. पहिल्यांदा त्याने बॅटरी बदलली. मग थंड इंजिन तापवणारे हीटर प्लग बदलले. मग सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटर, काढून घासूनपुसून परत बसवली. तो यायचा अकराला, ऊन वर आल्यावर. तेव्हा गाडी काडीच्या हातूनही सुरू व्हायची. मिस्त्री हात पुसत म्हणायचा, झालं.

काडीने त्याला सरळ सांगून पाहिलं होतं. सेल्फ फिरतोय आणि इंजिन पेटत नाही, असं असतं तर हीटर प्लगचं बघायचं. इथे सेल्फ फिरतच नाही. यावर मिस्त्रीने उत्तर दिलं ते मुकादमाला. काही हातांना किल्लीचा अंदाज नसतो, असं तो म्हणाला. घसा दुखतोय म्हणून कुणी गेलं तर चपला बदलून देईल असा हा माणूस, असं काडी त्या रात्री घरी म्हणाली. नवरा दिवसभर लाँड्रीत इस्त्री करून दमलेला. तो नुसता हसला. सासूचं मत वेगळंच होतं. पट्ट्यावर डोक्यावर पत्रा तरी आहे, सोडून दे ते धूड, असं तिने सुचवलं. काडीने सासूलाही मनातल्या मनात मिस्त्रीच्या शेजारी नेऊन बसवलं.

तिची स्वतःची खात्री होती की हे मेहुण्याचंच काम. संध्याकाळी एखादी तार सैल करायची आणि सकाळी हळूच जोडायची. म्हणून आठवडाभर तिने जाताना इंजिनाच्या झाकणाला शिवणाचा दोरा बांधला. दोरा रोज सकाळी जसाच्या तसा मिळायचा. तरी तिचा संशय काही हलला नाही. इतक्या निरुपयोगी माणसाच्या हातात लबाडीशिवाय दुसरं काय असणार?

साडेसातला मुकादम आला, मागे मिस्त्री. आज त्याला मुद्दाम लवकर बोलावलं होतं, साक्षीदार म्हणून. काडीने सगळ्यांसमोर किल्ली फिरवली. शांतता.

"उतर," मुकादम म्हणाला. मग मेहुण्याला, "चल रे."

ती उतरली आणि बाजूला उभी राहिली. इतके दिवस ती त्याचे हात बघत आली होती. चोर हातानेच पकडायचा असतो म्हणून. आज तिला त्या हातांचाही वीट आला आणि नजर खाली गेली. मेहुणा बसला. गादी फस्स करून दबली, चांगली चार बोटं. त्याने किल्ली फिरवली. इंजिन धूर सोडत खडखडलं.

"बघितलंस?" मुकादम म्हणाला.

तिने खरंच बघितलं होतं. लोडर शिकवणाऱ्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की गादीवर माणूस नसेल किंवा दांडा खाली नसेल, तर ही गाडी जागी होत नाही. गादीखाली त्यासाठी वजनाने दबणारा एक स्विच आहे. दांडा ती रोज दहा वेळा तपासायची. गादी कधीच नाही. ती तर बसलेलीच असायची.

"बंद कर," ती मेहुण्याला म्हणाली. "उतर, बाळा. तुझं काम झालं."

बाजूला खताची भरलेली गोणी होती. ती तिने छातीशी धरून आत नेली, बसली, गोणी गादीवर मांडीच्या कडेला ठेवली, दांडा ओढला. किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली. इंजिन बंद करून तिने गोणी बाहेर लोटली आणि पुन्हा किल्ली फिरवली. शांतता. गोणी परत उचलून घेतली. सुरू.

मिस्त्री खाकरला. सीटच्या स्विचचा संशय त्याला पहिल्यापासून होता, असं तो मुकादमाला सांगू लागला. मुकादमाने त्याच्याकडे पाहिलं नाही. मिस्त्रीच्या पायाशी त्यानेच बदललेली जुनी बॅटरी अजून पडली होती.

काडीने गादीच्या खोळीची चेन उघडली आणि तिचा चेहरा जरा उतरला. आत फोमचे दोन थर होते. पाठ दुखते म्हणून तिनेच गेल्या महिन्यात गादी नवी करून घेतली होती, तीही दिराकडून, जो सोफ्यांच्या गाद्या भरतो. वहिनी, आता राणीसारखी बस, असं म्हणून त्याने खाली एक कडक थर जास्तीचा घातला होता. थंडीत तो दगड व्हायचा, उन्हात मऊ पडायचा. मेहुण्याखाली दबायचा, मिस्त्रीखाली दबायचा. तिच्याखाली सकाळी दबत नव्हता. मेहुणा आवारात आला तो आणि गादी आली तो आठवडा एकच होता. दोघांपैकी तिने आपल्याला सोयीचा निवडला होता.

बोलली नसती तर कुणाला कळलं नसतं.

"गादी माझीच आहे," ती म्हणाली. "मीच जाड करून घेतली."

"म्हणजे बिघाड तूच केलास," मुकादम म्हणाला.

"मीच केला. आणि सापडलाही मलाच."

मिस्त्रीला आता काहीतरी करून दाखवायचं होतं. स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकतो, मग कुणी बसो न बसो, अशी तोड त्याने काढली.

"आणि बाहेर उभं राहून कुणी किल्ली फिरवली, गाडी त्याच्याच अंगावर आली, तर? उभं कोण राहणार, मिस्त्रीदादा, तुम्ही?" काडीने विचारलं.

मिस्त्री आपली पेटी आवरू लागला.

गोण्या कापायच्या सुरीने तिने खालचा थर काढला, खोळ परत चढवली, बसली. गोणीशिवाय गाडी सुरू झाली. मेहुण्याची माफी मागावी का, असं तिच्या मनात क्षणभर येऊन गेलं. तेवढ्यात तो पट्ट्यावरच्या बायकांपैकी कुणाचा तरी डबा हुंगताना दिसला आणि विचार तिथेच मिटला. दोन दिवसांनी पाठ पुन्हा दुखू लागेल, हे तिला ठाऊक होतं.

काढलेला फोम संध्याकाळी घरी गेला. सासूने तो पायाखाली घेतला आणि जरा कडक आहे म्हणाली.

उद्या शनिवार. लोडर सहा चाळीसला सुरू करायचा आहे, आणि किल्ली काडीच्या गळ्यातल्या दोरीला आहे. पट्ट्यावरची रिकामी जागा भरली. फळ्यावर खडूने लिहिलंय, काच वेचायला उद्या सातपासून मुकादमाचा मेहुणा.